जरा ॲडजस्ट करा

तर झालं असं, की २०२३च्या डिसेंबरात मी घरच्या पीसीसाठी नवा मदरबोर्ड आणि नवा प्रोसेसर घेतला, आणि अकरा वर्षांचा जुना कूलर त्यावर बसेना. फरक किती? दर भोकामागे दीड मिलिमीटर!

ज्यांनी कधी कॅबिनेटचं झाकण उघडून आत डोकावलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रोसेसर तापतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पातळ पत्र्यांचा एक मनोरा आणि त्याला पंखा, याला म्हणायचं कूलर. हा मनोरा प्रोसेसरवर नुसता ठेवून चालत नाही, दाबून बसवावा लागतो. त्यासाठी मदरबोर्डला सॉकेटच्या चार कोपऱ्यांवर चार भोकं असतात. मागून एक पट्टी, पुढून चार स्क्रू, मध्ये स्प्रिंगा. बस्स, एवढंच.

पण ती चार भोकं एकमेकांपासून किती अंतरावर असावीत हे काही देवानं ठरवलेलं नाही. इंटेलचं २००४चं एलजीए ७७५ सॉकेट आलं तेव्हा ७२ मिलिमीटरचा चौकोन होता. २००८च्या एलजीए १३६६ला ८०. २००९च्या एलजीए ११५६ला ७५. हे ७५ मात्र चांगलं टिकलं; ११५५, ११५०, ११५१, थेट २०२०च्या १२०० पर्यंत तेच. आपल्याला वाटायला लागलं, चला, एकदाचं मिटलं. आणि २०२१ साली एलजीए १७०० आलं, ७८ घेऊन. प्रोसेसर लांबट झाला होता ना, आधी साडेसदतीस बाय साडेसदतीस होता, आता साडेसदतीस बाय पंचेचाळीस. मग भोकं सरकली. तिकडे एएमडीचा तर चौकोनही नाही, आयत. एएम३ पर्यंत ४८ बाय ९६, मग २०१६च्या एएम४ला ५४ बाय ९०. एका बाजूनं सहा वाढवले, दुसऱ्या बाजूनं सहा कापले! २०२२च्या एएम५ला मात्र त्यांनी भोकं तीच ठेवली, म्हणून त्यांना दुवा. (तिथेही मागची पट्टी सॉकेटलाच जखडून टाकली आहे. त्यामुळे स्वतःची पट्टी घेऊन येणाऱ्या कूलरांची पंचाईत झालीच.)

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या कूलरचं, नवा घे. नवराही तेच म्हणाला. हिशेबानं त्याचं बरोबरच होतं.

पण हा कूलर २०१२ साली लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. पहिल्या नोकरीचे पैसे साठवून मी पहिल्यांदा स्वतःचा पीसी जुळवणार होते, आणि "एवढी रोकड घेऊन एकटी मुंबईला जाऊ नकोस" म्हणून बाबा सोबत आले होते. बाबा म्हणजे एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. ग्रँट रोड स्टेशनला उतरून आम्ही दोन तास दुकानं फिरलो. रॅम, हार्ड डिस्क, कशातच त्यांना रस नव्हता. कूलर मात्र त्यांनी हातात घेतला, उलटा केला, पत्र्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा तर रेडिएटरच आहे की गं." दुकानदारापेक्षा जास्त वेळ त्यांनीच तो मला समजावून सांगितला.

पुढे २०१७ला बोर्ड बदलला तेव्हा तोच कूलर निमूटपणे नव्या बोर्डावर बसला. ७५ ची कृपा.

यावेळी बसेना, तेव्हा आधी कूलरच्या कंपनीकडे चौकशी केली. त्यांनी कळवलं की इतक्या जुन्या मॉडेलसाठी नवं किट काढलेलं नाही. या बाबतीत ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचं कौतुक करायला हवं. खरेदीची पावती दाखवली की ते बऱ्याच जुन्या कूलरांसाठीसुद्धा नव्या सॉकेटचं किट फुकट पाठवतात. आमचा मात्र दुसऱ्या घराण्यातला. काही मदरबोर्डांवर ७५ ची आणि ७८ ची अशी दोन्ही भोकं पाडलेली असतात, आमच्या बोर्डावर तीही नव्हती. शेवटी एक "सगळ्यांना चालणारं" किट मागवलं. ॲडजस्टेबल!

ही ॲडजस्टेबल किटं बघण्यासारखी असतात. गोल भोकाऐवजी लांबट खाच पाडलेली असते, आणि ती नेहमी तिरकी, कोपऱ्याच्या दिशेनं. का, ते कागदावर काढून बघा. चौकोन ७५ चा ७८ झाला की प्रत्येक भोक दीड मिलिमीटर आडवं आणि दीड मिलिमीटर उभं सरकतं, म्हणजे कर्णावर साधारण २.१ मिलिमीटर. ७२ पासून ८० पर्यंत सगळं एकाच पट्टीत बसवायचं असेल तर कर्णावर साडेपाच-पावणेसहा मिलिमीटरची खाच पुरते. इंटेलची वीस वर्षं एका खाचेत! एएमडीला ही युक्ती चालत नाही, कारण तिथे एक बाजू वाढताना दुसरी घटते. त्यासाठी पट्टीला वेगळी भोकं लागतात. मी हे सगळं शुक्रवारी रात्री कागदावर मांडून बघितलं आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन झोपले.

शनिवारी सकाळी खाचेत नट सरकवले, पेस्ट लावली, कूलर ठेवला, स्क्रू पिळले. यंत्र सुरू झालं. टाळ्या! मग ऑफिसचा प्रोजेक्ट कंपाइलला लावला आणि दहा सेकंदांत तापमान १००. तिथे पोचलं की हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे मी पैसे नव्या प्रोसेसरचे दिले आणि काम जुन्याचं घेत होते.

बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते.

इथे थोडं मागं जायला हवं. त्याच वर्षी जूनमध्ये आई गेली. त्यानंतर मी बाबांना चिंचवडच्या घरातून बाणेरला आमच्याकडे घेऊन आले. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं?" हे त्यांचं पालुपद. लिफ्टमध्ये कोणी विचारलं तर सहा महिने झाले तरी सांगायचे, "चार दिवस आलोय." आम्ही सगळं केलं होतं. मुलाची खोली त्यांना दिली, कपाट रिकामं केलं, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, त्यांच्या वेळेला चहा. प्रत्येक भोक मोजून जुळवलेलं. तरी ते खुर्चीच्या कडेवर बसायचे, रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये बसतात तसे.

आणि एक गोष्ट मी केली होती जी सांगायला लाज वाटते. चिंचवडचं घर आवरताना त्यांचा हत्यारांचा पत्र्याचा डबा मी भंगारवाल्याच्या ढिगात ठेवला होता. "बाबा, फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार? आणि आता काय करायचंय त्याचं?" असं तोंडावर म्हणालेही होते. ते काही बोलले नाहीत. असो.

तर त्या शनिवारी मी कूलर काढला. खाली पेस्टचा ठसा बघितला तर एका कोपऱ्यात पुसट आणि समोरच्या कोपऱ्यात जाडजूड थर. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण ४०० धरली तर चांगली पेस्ट दहाच्या आतबाहेर, आणि हवा ०.०२६. म्हणजे पेस्ट ही धातूच्या बारीक खाचखळग्यांत हवा राहू नये एवढ्यापुरतीच, तिचा थर जाड झाला तर ती स्वतःच अडथळा. मी पुटपुटत होते तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले.

"एक स्क्रू आधी पूर्ण आवळलास ना?"

"हो..."

"चाकाचे नट कसे आवळतात? समोरासमोर. थोडा हा, थोडा तो."

पुसलं, पुन्हा पेस्ट, पुन्हा बसवला. समोरासमोर, दोन-दोन फेरे. ठसा तिरका यायचं बंद झालं असावं, कारण १०० गाठायला आता अर्धा मिनिट लागलं. पण गाठलंच. स्क्रू आणखी पिळायला गेले तर पिळेनात, ते तळाला टेकले होते. माझ्या मते काम संपलं होतं. भोकं जुळली, स्क्रू पूर्ण बसले, आणखी काय करणार? नव्या कूलरच्या किमती बघायला मी लॅपटॉप उघडला.

बाबांनी हात घालून कूलर दोन बोटांनी हलकेच फिरवला. तो फिरला!

"भोकं जुळली म्हणजे बसलं असं नसतं गं," ते म्हणाले. "दाब कुठंय? हा प्रोसेसर आधीच्यापेक्षा बुटका आहे का?"

मी शोधलं. बुटका होता. एलजीए १७०० मध्ये बोर्डापासून प्रोसेसरच्या माथ्याची उंची आधीच्या सॉकेटपेक्षा साधारण ०.८ मिलिमीटरनं कमी आहे. मी रात्रभर लांबी-रुंदीचा हिशेब केला होता, उंचीचा विचारच केला नव्हता. किट बनवणाऱ्यानंही केला नसावा. खाचा पाडून त्यानं लांबी-रुंदी ॲडजस्टेबल केली, खांब मात्र जुन्याच उंचीचे ठेवले. त्यामुळे कूलर ०.८ खाली आला, स्क्रू आपल्या जुन्या जागीच थांबले, आणि मधली स्प्रिंग तेवढीच सैल राहिली. दाब त्या स्प्रिंगेतूनच येतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. "सगळं कॉन्फिगरेबल आहे" असं छातीठोकपणे सांगतो, म्हणजे आम्हाला सुचलेल्या दोन गोष्टी बदलता येतात. तिसरी कुठेतरी पक्की ठोकलेली असते, आणि ती आहे हेच कोणाला माहीत नसतं. बरं, त्यात एरर येत नाही. स्क्रू बसतो, यंत्र चालू होतं, फक्त तापतं.

"मग आता?" मी विचारलं.

बाबा खोलीत गेले. पलंग सरकवल्याचा आवाज आला. आणि ते पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आले. तोच डबा. भंगाराच्या ढिगातून कधी उचलला, टेम्पोत कुठल्या चादरीखाली घातला, देव जाणे! सहा महिने तो माझ्या घरात, पलंगाखाली होता. मी काही बोलले नाही. तेही नाही.

डब्यात औषधांच्या जुन्या बाटल्यांत मापाप्रमाणे वॉशर होते. त्यांनी एम४चे चार काढले, वर्नियरमध्ये धरून एकेक मोजला आणि माझ्यासमोर धरला. "वाच." ०.८. एम४च्या साध्या वॉशरची प्रमाणित जाडीच ०.८ असते. मला हे चाळिशीला आल्यावर कळलं, त्यांच्या बोटांना चाळीस वर्षं माहीत होतं.

स्क्रूचं डोकं आणि स्प्रिंग यांच्यामध्ये एकेक वॉशर. स्प्रिंग सैल झाली होती नेमकी तेवढीच पुन्हा दबली. स्क्रू मी पिळले, कुठला आणि किती ते बाबा सांगत होते. त्यांचा उजवा हात आता थोडा थरथरतो, म्हणून पेचकस त्यांनी घेतला नाही. पण प्रत्येक फेऱ्यानंतर कूलरवर बोट टेकवून बघत होते.

प्रोजेक्ट पुन्हा कंपाइलला लावला. आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो. ६०... ६८... ७४... ७८. अठ्ठ्याहत्तरवर थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तिथेच.

"गाडी गरम होत नाही आता," बाबा म्हणाले आणि हात पुसायला फडकं मागितलं.

तो डबा आता माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारच्या पुस्तकांच्या कपाटात असतो. सगळ्यात खालचा कप्पा, कारण जड आहे. त्यासाठी डिझाइन पॅटर्नची चार जाडजूड पुस्तकं माळ्यावर गेली, त्यांची आठवण अजून तरी आलेली नाही. :-) सोसायटीतल्या दोन सायकली आणि एक मिक्सर त्या डब्यातून दुरुस्त होऊन गेले आहेत. कूलर तोच आहे, वॉशरही तेच. २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या एलजीए १८५१ लाही भोकं ७८ चीच आहेत, म्हणजे अजून काही वर्षं तरी मरण नाही.

परवा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बाबांना विचारलं, "किती दिवस आहात?" मी श्वास रोखून उभी होते.

"चार दिवस," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "पण मिक्सर गरम होत असेल तर पाठवून द्या."