मुलगा पाहिजे

खडकवासल्यात धरणाकडे जाताना एका किराणा दुकानाच्या शटरवर खडूनं लिहिलेलं दिसलं: ‘कामाला मुलगा पाहिजे. वय १८ पूर्ण. स्वतःची गाडी असावी.’ वयाची ती अट वाचून फार बरं वाटलं.

आमच्या लहानपणी दुकानात दहा-बारा वर्षांचा पोऱ्या असे. त्याची सायकल मोठ्या माणसाची. मागच्या कॅरियरला तेलाचा डबा, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. बसायला जागाच नसे. चढावर ढकलत आणायची, उतारावर सगळा जोर लावून धरून ठेवायची. कोणाला तूरडाळ बिनतेलाची लागते, कोणाच्या घरी साखर मुंग्या लागण्याआधी पोचली पाहिजे, हे त्याला पाठ. पण त्याचं खरं कसब उधारीच्या घरी दिसे. फाटकातून तो कधी आकडा ओरडला नाही. मागच्या दारी येऊन आजीला हळूच सांगायचा, “शेठ म्हणाले, सवडीनं या.” शेठ असं म्हणाले नसणार, हे आजीलाही ठाऊक होतं. ती गूळ-शेंगदाणे हातावर ठेवी. तो उभ्यानंच खाई, दुसरा हात सायकलवर. माल पडला तर पगारातून जाई. एवढं तारतम्य त्या वयात कुठून आलं असेल?

खडकवासल्यातल्या एनडीए या सैनिकी प्रबोधिनीतले कॅडेटही सायकलवरूनच वर्गाला जातात, रांगेनं, शिस्तीत. ती रांग मला फार आवडते. ती पाहताना तेलाचा डबा आठवतोच.

बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला सरसकट बंदी आली. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदतीची मुभा मात्र उरली. मला ती खटकते. दमलेल्या पोराला गल्ला बापाचा की शेठचा, यानं काय फरक पडतो?

कवी नारायण सुर्वे त्या पोऱ्यासारखेच राबत वाढले. लोकांच्या घरी राबले, हॉटेलात कपबश्या विसळल्या, दूध पोचवलं, गिरणीत खपले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. १९६२ साली त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा कवितासंग्रह आला. इतक्या दारांत उभं राहिलेल्या माणसाला आतली माणसं कळणारच. त्यांच्या कवितेत एखादा कष्टकरी माणूस आला, की त्याच्याविषयी वेगळं काही सांगावं लागत नाही. तो सरळ बोलू लागतो, आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ ऐकत राहतो.