हरणाऱ्याचा माणूस

पहाडगंजात नूतन मराठी विद्यालयाजवळ राहणारे एक निवृत्त गृहस्थ आपल्या मुलाच्या जुन्या महाविद्यालयाचे बास्केटबॉलचे सामने चुकवीत नाहीत. मुलगा परदेशी स्थिरावला. यांची वारी थांबली नाही. यंदाच्या हंगामातही संघ बहुधा हरतच आला. कोणी हसले, की ते १९८०चे मॉस्को ऑलिंपिक काढतात. भारताचा बास्केटबॉल संघ त्या स्पर्धेत आजवर तेवढा एकदाच उतरला. सातही सामने हरून बारावा, म्हणजे शेवटचा आला. जिंकणाऱ्याला टाळ्या देणारे कोठेही भेटतात, हरणाऱ्याला मात्र आपले माणूस लागते, असे त्यांना वाटते. परवा अखेरच्या क्षणी चेंडू कड्यावर आपटून बाहेर पडला. फेकणारा मुलगा तेथेच मान खाली घालून बसला. गृहस्थ सावकाश पायऱ्या उतरले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्याचे नावही त्यांना ठाऊक नव्हते.