दोष चष्म्याचा नव्हता

आमच्या अडत दुकानाचा जमाखर्च अण्णा वयाच्या शहात्तराव्या वर्षीही स्वतः पाहतात. लाल बांधणीची खतावणी जाऊन तिच्या जागी लॅपटॉप आला, तेव्हा त्यांनी तोही शिकून घेतला. परंतु त्याच्या लहान पडद्यावरील आकडे त्यांना दिसेनात. म्हणून गेल्या चातुर्मासाच्या आरंभी मी 27 इंची फोर-के मॉनिटर आणला आणि त्याबरोबर आलेली एचडीएमआय केबल लॅपटॉपला जोडली. चित्र स्वच्छ उमटले. माझ्या मते काम झाले होते.

दोन दिवसांनी अण्णा म्हणाले, ‘‘माऊसचा बाण हातामागे रेंगाळतो रे. यादी वरखाली केली की आकडे थरथरतात.’’ दुकानात माणसे बसली होती. मी पटकन बोलून गेलो, ‘‘अण्णा, पडदा उत्तम आहे. आता चष्म्याचा नंबर तपासून घ्या.’’ ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर ते पुन्हा कागदाच्या वहीत नोंदी करीत होते.

ती वही मला टोचू लागली. मी सोनेरी टोकांची महाग केबल आणली. तिळभर फरक पडला नाही. मग मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल लावून पाहिली. मॉनिटर काळाच राहिला.

सुट्टीत घरी आलेल्या मुलीने केबलला हातही न लावता आधी संगणकाची डिस्प्ले सेटिंग उघडली. तेथे 30 हर्ट्झ असा आकडा होता. म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला केवळ 30 वेळा बदलत होते. कामाला 60 हवेत. आमच्या लॅपटॉपचे एचडीएमआय 1.4 प्रतीचे होते आणि त्यातून फोर-के चित्र 30 हर्ट्झच्या पुढे जात नाही. 60 हर्ट्झसाठी 2.0 किंवा त्यापुढील प्रत लागते. लॅपटॉपचे तोंड, केबल आणि मॉनिटरचे तोंड या तिघांत जो दुबळा, त्याच्याच चालीने चित्र चालते. तोंडच जुने असताना केबलच्या सोनेरी मुलाम्याने काय साधणार?

टाइप-सीचे कोडेही तिनेच उलगडले. टाइप-सी हा केवळ आकार आहे. चार्जिंगच्या पुष्कळ केबलींत चित्र वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. शिवाय लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सी तोंडातून चित्र बाहेर पडतेच असे नाही. तोंडाजवळ डिस्प्लेपोर्टची डी-पी अक्षरांची किंवा थंडरबोल्टची विजेची खूण असेल, तर बहुधा पडते. खूण नसेल, तर कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. आमच्या लॅपटॉपवर डी-पी खूण होती आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्टचे तोंड होते. म्हणून दोन मीटरची टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली. आकडा 60 झाला आणि बाण हाताबरोबर धावू लागला.

आपल्याकडे सम्यक् दर्शन आणि सम्यक् ज्ञान यांच्यानंतर सम्यक् चारित्र्य येते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. मी मात्र न पाहता, न जाणता आधी खरेदी केली, आणि त्याहून वाईट म्हणजे आधी दोष ठेवला. तोही वडिलांच्या डोळ्यांवर, चार माणसांसमोर.

दशलक्षण पर्व संपले. क्षमावाणीच्या दिवशी दुकानात त्याच माणसांसमोर मी अण्णांच्या पायांवर डोके ठेवले आणि क्षमा मागितली. त्यांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, ‘‘शेतकऱ्याचा माल वजनात कमी भरला, तर त्याला बोल लावण्याआधी आपण आपला काटा तपासतो. घरच्या माणसाला वेगळा न्याय कशाला?’’

एवढे बोलून त्यांनी चष्मा पुसला, जुनाच, आणि मॉनिटरसमोर बसून दिवसाच्या नोंदी सुरू केल्या.