भाईंचं देणं

पिंगुळी म्हटलं की लोकांना राऊळ महाराजांचा मठ आठवतो, नाहीतर ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि आमच्या गावाचं नाव देशभर गेलं. मला मात्र पिंगुळीतला आणखी एक माणूस रोज आठवतो. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं. सगळा वाडा त्यांना भाई म्हणायचा, मीही तेच म्हणतो.

भाई मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर जोडायचे. गावी परतल्यावर घराशेजारच्या पडवीत टीव्ही, इन्व्हर्टर, कॉम्प्युटर, जे येईल ते दुरुस्त करू लागले. माझा धंदा व्हिडिओ शूटिंगचा. लग्नं होतीच, पण जीव होता तो दशावतारात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्रभर कॅमेरा घेऊन उभं राहायचं. संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावरच रचतो. त्यामुळे आज रात्री जे बोललं गेलं ते उद्या तसंच पुन्हा मिळत नाही. ते जपून ठेवायचं काम आपल्या हातात आहे, असं मला मनापासून वाटायचं.

पण माझा कॉम्प्युटर साधा होता. २००७ साली बाजारात आलेला पेंटियम ड्युअल-कोअर ई२१६०, १.८ गिगाहर्ट्झचा, इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरांपैकी एक. मिनी डीव्ही टेपच्या एका तासाला हार्डडिस्कवर साधारण १३ जीबी जागा लागते. रात्रभराचा प्रयोग म्हणजे ६०-६५ जीबी. त्याचे रंग सुधारायचे, पेट्रोमॅक्स आणि ट्यूबच्या उजेडात चित्रावर आलेले दाणे काढायचे आणि मग डीव्हीडीसाठी एन्कोडिंग लावायचं. मशीन तासन् तास दळत बसे. मध्येच वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

नवा प्रोसेसर घ्यायला पैसे नव्हते. भाईंना सांगितलं, तर त्यांनी आधी १९९८ची गोष्ट काढली. त्या वर्षी इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा गुणक ४.५ वर पक्का बांधलेला आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, दोहोंचा गुणाकार म्हणून तो ३०० वर चाले. बस १०० वर नेली की तोच चिप ४५० वर धावे, म्हणजे त्या वेळच्या महागड्या पेंटियम टू ४५०च्या वेगानं. काही बोर्डांवर बायोसमध्ये आकडा बदलला की काम होई. जिथे ती सोय नव्हती तिथे प्रोसेसरच्या बी-२१ पिनवर बारीक चिकटपट्टी लावायची, की बोर्ड आपसूक १०० ची बस धरत असे. हे सांगताना भाईंचा चेहरा उजळायचा. कारखाना चिपांना वेगाचे शिक्के मारतो तेव्हा थोडा हात राखून मारतो, आणि तो राखलेला वेग गरिबाच्या उपयोगाला यावा असं त्यांना वाटे.

माझ्या ई२१६०चा गुणक ९ होता आणि बस २०० मेगाहर्ट्झ. बस २६६ वर नेली की वेग २.४ गिगाहर्ट्झ. वेग एक तृतीयांशानं वाढला म्हणजे वेळ जास्तीत जास्त एक चतुर्थांशानं कमी होणार, सहा तासांचे साडेचार. हा हिशेब भाईंनी मला कागदावर करून दाखवला, म्हणजे त्यापलीकडे मी आशा धरू नये.

त्यांनी आकडा एकदम वाढवू दिला नाही. थोडा वाढवायचा, प्राइम९५ हे सॉफ्टवेअर लावून ठेवायचं, तापमान वहीत लिहायचं, मग पुढची पायरी. आधी हीटसिंक काढून तांबडी धूळ ब्रशनं साफ केली, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. व्होल्टेजला मात्र हात लावू दिला नाही. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज दहा टक्के चढवलं की उष्णता एकवीस टक्के जास्त, आणि वेगाची वाढ त्यावर वेगळी. वैशाखात आमच्या पडव्यांतली दमट हवा तशीच ऊन असते, मशीनमधली उष्णता जाणार कुठे? वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल हेही त्यांनी आधीच बजावलं.

प्राइम९५ दीर्घ गणितं करतं आणि उत्तर चुकलं की तिथेच थांबतं. ते का चालवायचं, हे भाईंनी मालवणीत सांगितलं ते अजून कानात आहे. "झिला, मशीन बंद पडला तर कळता तरी. खोटा बोलूक लागला तर कळतला कसा?" बेरीज चुकली तरी मशीन चालतच राहतं आणि प्रयोगाच्या फाइलमध्ये कुठेतरी हिरवे चौकोन पडतात, ते पाहणाऱ्याला महिन्यांनी दिसतात. चिपचा वेग असा वाढवण्याबद्दल, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगबद्दल, इतकं नेमकं मी नंतर कुठे ऐकलं नाही.

त्या २.४ वर मी बरेच हंगाम काढले. मग कामं वाढली आणि भाईच म्हणाले, आता ओढू नको, बदल. त्यांनी मुंबईहून कोअर टू क्वाड क्यू६६०० आणवला. गंमत अशी की त्याचाही वेग २.४, बसही २६६, गुणकही ९. आकडे तेच, पण कोअर दोनाऐवजी चार आणि कॅश १ एमबीऐवजी ८. माझं एन्कोडर चारही कोअर वापरायचं, म्हणून रात्रीचं काम पहाटेऐवजी मध्यरात्री उरकू लागलं. नुसतं टायपिंग करणाऱ्याला हा फरक जाणवलाही नसता. चिप बसवण्याआधी भाईंनी बोर्ड तो घेतो का ते तपासलं, बायोस अद्ययावत केलं आणि एसएमपीएस बदलायला लावला. पैसे मात्र जत्रांचा हंगाम संपल्यावर घेतले, त्याआधी एकदाही विषय काढला नाही.

२०११च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांपासून इंटेलनं बसचा वेग बाकी सगळ्याशी बांधून टाकला आणि गुणक मोकळा ठेवला तो मुख्यतः के अक्षराच्या महाग चिपांत. २०१४चा पेंटियम जी३२५८ हा अपवाद. आताचे प्रोसेसर टर्बोनं स्वतःच राखलेला वेग वापरतात. स्वस्त चिप ओढून महागाची बरोबरी करण्याचे दिवस बहुतेक सरले, याचं मला दुःख आहे. आज कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी धूळ झाडा, मेमरी वाढवा, एसएसडी घाला, तरी अडलं तर प्रोसेसर बदला.

भाई आता नाहीत. क्यू६६००चे पैसे मी फेडले. शिकवणीचे त्यांनी घेतलेच नाहीत, ते देणं माझ्याकडे आहे. कुडाळ-वेंगुर्ले भागातल्या ज्या मुलामुलींना मशीन उघडून शिकायचं आहे, त्यांनी पिंगुळीला माझ्याकडे यावं. जुने बोर्ड आहेत, प्राइम९५ आहे, भाईंची तापमानाची वही आहे. पैसे लागणार नाहीत.