अडलेली नोंद

आपल्यामुळें दुसऱ्याचें काम अडून राहिलें आहे, ही गोष्ट मनुष्याला सहसा उशिरां कळते. मला ती वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं कळली.

आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका सामायिक फाइलींत भरले जातात. आम्ही चौघे प्राध्यापक आपापल्या संगणकावरून तीच फाइल उघडतों. दोघांनीं एकदम एकच नोंद बदलूं नये म्हणून, एकानें बदलायला सुरुवात करतांच ती इतरांना लॉक होते. बदलणाऱ्याला नोंदीच्या कडेला पेन्सिलीचें चित्र दिसतें. इतरांना तिरकी रेघ मारलेलें वर्तुळ.

गेल्या मार्चांत, गुण पाठवण्याच्या शेवटच्या दिवशीं, एका तरुण सहकारी बाईंना हें वर्तुळ दिसलें. बेचाळीस क्रमांकाच्या मुलीला अठराऐवजीं आठ गुण पडले होते, म्हणजे ती नापास होत होती. आणि चूक दुरुस्त होईना. पांच वाजतां यादी जायची होती. मी मदतीला गेलों, म्हणजे यंत्रांच्या लहरीपणावर चार वाक्यें बोललों.

"सर, कुणाकडे तरी नोंद उघडी राहिली असेल," बाई शांतपणें म्हणाल्या.

मुख्य फाइल उघडी असेपर्यंत तिच्या शेजारीं 'लॅकडीबी' या शेपटाची एक लहान फाइल असते. तींत फाइल वापरणाऱ्या संगणकांचीं नांवें असतात, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला कीं ती पुसली जाते. तींत चार नांवें निघालीं. बाईंसह तिघांनीं फाइल बंद केली, तरी ती लहान फाइल जाईना. चौथा संगणक माझा होता.

खोलींत जाऊन पाहतों तों पडद्यावर पेन्सिल तशीच! सकाळीं एक शेरा अर्धवट टाकून मी तासाला गेलों होतों. पण तो शेरा एकेचाळीस क्रमांकाचा होता. मुलीच्या नोंदीला मीं हातहि लावला नव्हता. बाईंनीं उलगडा केला. आमच्याकडे एकेक नोंद नव्हे, तर अख्खें 'पान' लॉक होत होतें. ॲक्सेस २००० पासून हें पान ४,०९६ बाइटांचें आहे. त्यांत शेजारच्या नोंदीहि सांपडतात. मीं शेरा पुरा करून पुढच्या नोंदीवर जातांच पेन्सिल गेली. पांचाला दहा मिनिटें असतांना आठाचे अठरा झाले. दुसऱ्या दिवशीं बाईंनीं चारही संगणकांवर नोंदीपुरतेंच लॉक लागेल अशी निवड केली.

माझ्या कपाटाला मात्र तशी सोय नाहीं. त्यांत एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचें प्रकरण दिवाळीपासून पडलेलें आहे. "वाचतों आहें," असें मी त्याला दर भेटींत सांगतों, आणि तो बिचारा पुढचें प्रकरण लिहायचा थांबला आहे. त्या संध्याकाळीं मीं तें बाहेर काढलें. पहिल्या पानाच्या समासांत माझ्या पेन्सिलीची एकच खूण होती. मी खुर्ची दिव्याजवळ ओढली आणि दुसरें पान उलटलें.