शतावरी आणि अनिष्टाचा विचार

आपल्या समाजातील घरांत शतावरी कल्पाचा डबा बहुधा औषध म्हणून येत नाही, तो आहेर म्हणून येतो. बाळंतिणीला भेटायला जाताना, एखाद्या मुलीची पाळी अनियमित असल्याचे कानी आल्यावर, किंवा पन्नाशीच्या आसपास एखाद्या भगिनीच्या अंगाची लाही होऊ लागल्यावर कोणीतरी तो घेऊन येते. ‘दुधातून दोन चमचे घ्या, बायकांसाठी अमृतच आहे,’ एवढी सूचना सोबत असते. तो कोणी घ्यावा, किती दिवस घ्यावा आणि कोणी मुळीच घेऊ नये, हे प्रश्न देणाऱ्याला पडत नाहीत आणि घेणाऱ्याला विचारण्याचा संकोच वाटतो.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते माझ्या वन्संच्या आजारपणामुळे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनातील गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनच्या आधाराने वाढणारी होती, म्हणून डॉक्टरांनी पुढे टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू केली. ही गोळी सहसा किमान 5 वर्षे रोज घ्यावी लागते. स्तनाच्या पेशीत इस्ट्रोजेन ज्या ठिकाणी जाऊन बसते, ती जागा ही गोळी आधीच अडवून ठेवते. तिचा नेहमी आढळणारा त्रास म्हणजे अंगातून वाफा निघणे. ऐन थंडीत वन्सं रात्री उठून खिडकी उघडत, ओला पंचा मानेवर ठेवून बसत. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या त्या, त्यामुळे रात्र त्यांना फारच लांब वाटे.

भेटीला येणाऱ्यांनी हे ऐकले आणि महिन्याभरात शतावरीचे चार डबे घरी आले. दोन कल्पाचे, एक चूर्णाचा आणि एक गोळ्यांचा.

शतावरी ही सह्याद्रीच्या रानात आढळणारी काटेरी वेल. जमिनीखाली तिला लांबट, मांसल मुळ्यांचा झुबका असतो. औषधात वापरतात त्या याच मुळ्या. चरकसंहितेत बल देणाऱ्या आणि वय टिकवून धरणाऱ्या अशा दोन्ही गणांत ती अतिरसा या नावाने आली आहे. भावप्रकाशात तिला स्तन्य वाढवणारी म्हटले आहे. म्हणजे तिची प्रतिष्ठा जाहिरातींनी निर्माण केलेली नाही, ती जुनी आहे. आधुनिक संशोधनाने मात्र अद्याप एकमुखी कौल दिलेला नाही. दूध कमी असणाऱ्या मातांवरील एका चाचणीत 1996 साली तिचा विशेष फरक दिसला नाही, तर 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दूध निर्माण करणाऱ्या प्रोलॅक्टिनचे प्रमाण वाढलेले आढळले. हे दोन्ही अभ्यास लहान होते. तिच्या मुळांत सॅपोनिन वर्गातील द्रव्ये असतात, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत तिचे काही परिणाम इस्ट्रोजेनसारखे दिसले आहेत.

वन्संच्या दृष्टीने प्रश्न नेमका इथेच होता. पाळी जाण्याच्या वयात शतावरीने बरे वाटत असेल, तर ते याच गुणामुळे वाटत असण्याची शक्यता आहे, आणि ज्या रोगात इस्ट्रोजेनचे दार पाच वर्षे प्रयत्नपूर्वक बंद ठेवायचे, तिथे हाच गुण नको असतो. डॉक्टरांनी एका वाक्यात नकार दिला. आम्ही आमच्या ओळखीच्या वैद्यबाईंकडेही गेलो, कारण पाहुण्यांचे म्हणणे असे पडे की ऍलोपथीवाले आयुर्वेदाला नाही म्हणणारच. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, कागद वाचले आणि त्याहून स्पष्ट नकार दिला. त्या म्हणाल्या, “शतावरी पचायला जड, शीत आणि स्निग्ध. कृश, रुक्ष बाईला आणि अग्नी चांगला असताना मी ती देते. तुमच्या वन्संना या आजारात मी देणार नाही, आणि डॉक्टरांना न सांगता तर कोणीच काही देऊ नये.” कल्पाचा डबा उलटून त्यांनी घटकांची यादी दाखवली. सर्वांत वरचा घटक साखर होता. मधुमेह असलेल्या किती भगिनी दोन वेळा दोन-दोन चमचे ‘ताकद’ घेत असतील, कोण जाणे.

गोळ्यांच्या डब्यात तर शतावरीसोबत अश्वगंधा, अशोक आणि लोध्र असे मिश्रण होते. अश्वगंधेने थायरॉइडच्या हार्मोनचे प्रमाण वाढू शकते आणि क्वचित यकृतालाही इजा झाल्याच्या नोंदी आहेत. घरोघरी थायरॉइडची गोळी चालू असलेल्या या काळात ‘स्त्रीआरोग्य’ एवढेच नाव वाचून असे मिश्रण घेणे मला तरी धाडसाचे वाटते. शिवाय त्या गोळ्या म्हणजे कॅप्सूल होत्या, आणि कॅप्सूलचे कवच अनेकदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका आपण डोळ्यांत तेल घालून शोधतो, पण औषधाची बाटली मात्र न वाचता उघडतो.

वन्संचा कंदमूळत्यागाचा नियम आहे. शतावरी हा मुळ्यांचाच झुबका, आणि बत्तीस अनंतकायांच्या प्रचलित यादीत तिचे नाव गुळवेलीसोबत येते. पाहुण्यांनी यावरही उत्तर काढले होते. वाळलेली मुळी अचित्त होते, सुंठ-हळद चालते तशी तीही चालेल, आणि औषधाला तर सूटच असते. याबाबत घरोघरी वेगवेगळा आचार आहे. त्यावर निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. पण ‘औषधाला सूट’ हे वाक्य आपण फार सैल हाताने वापरतो, असे मला वाटते. जीव वाचवणाऱ्या औषधासाठी साधकाने गुरूंना विचारून घेतलेला निर्णय वेगळा आणि शेजारणीने आणलेला डबा वेगळा.

रत्नकरंडक श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी मुळा, ओले आले यांसारख्या, लाभ थोडा आणि घात मोठा अशा वस्तूंचा त्याग सांगितला आहे, हे आपण पाठशाळेत शिकतो. त्याच्या लगेच पुढे अनिष्टाचाही त्याग सांगितला आहे, तो मात्र बहुधा आपल्या लक्षात राहत नाही. वस्तू शुद्ध असेल, तिच्यात जीवघात नसेल, तरीही आपल्या प्रकृतीला ती अपायकारक असेल तर ती आपल्यापुरती सोडावी, असा त्याचा अर्थ आमच्या पंडितजींनी सांगितला होता. ज्याला साखर बाधते त्याच्यासाठी मंदिरातून घरी आलेला लाडूही अनिष्टच. वन्संना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, म्हणजे माझ्यासाठी ही शतावरी दोनदा अभक्ष्य!” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “डॉक्टर ‘घ्या’ म्हणाले असते, तर मात्र मला खरा विचार करावा लागला असता.” त्यांच्या या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटतो.

आपल्या परंपरेचे औषधाशी वैर नाही. नवव्या शतकातील उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा ग्रंथ 1940 साली सोलापूरहून प्रकाशित झाला. मद्य, मांस आणि मध वगळून संपूर्ण चिकित्सा मांडणारा तो वैद्यकग्रंथ आहे. औषधात काय आहे, ते कशापासून काढले आहे आणि ते नसताना काय देता येईल, हे प्रश्न विचारूनच तो सिद्ध झाला आहे.

वन्संच्या त्रासावर पुढे डॉक्टरांनी हार्मोन नसलेली एक गोळी थोड्या मात्रेत दिली. मूळची ती नैराश्यावरच्या औषधांपैकी. ती लिहिताना त्यांनी सांगितले की, याच वर्गातील काही गोळ्या यकृतातील टॅमॉक्सिफेनचे रूपांतर अडवून त्याचा प्रभाव कमी करतात, म्हणून निवड पाहून करावी लागते. डॉक्टरांना न कळवता घरात एखादे चूर्ण चालू राहिले तर किती बिघडू शकते, हे मला तेव्हा पुरते समजले. वाफा पूर्ण थांबल्या नाहीत, पण रात्री दोन-तीनदा उठणे एकदावर आले. दुपारचा चहा त्यांनी सोडला आणि सुती, सैल कपडे घालू लागल्या.

चारही डबे त्यांनी परत पाठवले. मला वाटले होते, लोक दुखावतील. दोघी दुखावल्याही. तिसरीने मात्र फोन करून विचारले, “माझ्या सुनेला बाळंतपणात हाच कल्प चालू आहे, तिला थायरॉइडची गोळीही आहे. कोणाला विचारू?” वन्संनी तिला आधी सुनेच्या डॉक्टरांना विचारायला सांगितले, वैद्यबाईंचा क्रमांक दिला आणि डबा सोबत न्यायला सांगितला, वरचा कागद न फाडता.