दीड टनाचे घर

हैदराबादच्या कोठी भागात वाढलेल्या माणसाला बसचे कौतुक वाटण्याचे काही कारण नाही. डोळे उघडण्याआधी कानावर हॉर्न पडतो आणि रात्री शेवटची गाडी गेली की मगच झोप लागते. ज्या रेसिडेन्सीच्या वास्तूवरून आमच्या भागाला कोठी हे नाव पडले, तिच्यात १९४९ पासून मुलींचे कॉलेज भरू लागले. मीही तिथेच शिकले. कॉलेजच्या भिंतीबाहेर शहरभरच्या बसगाड्या येऊन वळायच्या. आम्ही सुलतान बाजारातल्या एका जुन्या घरात राहत होतो. घरात मराठी, दूधवाल्याशी तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी. एका वाक्यात तिन्ही आल्या तरी आमच्यापैकी कोणाला चुकल्यासारखे वाटत नसे.

माझे वडील, अप्पा, रोड ट्रान्सपोर्टच्या बॉडी-सेक्शनमध्ये तेहतीस वर्षे होते. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने सत्तावीस गाड्यांवर ही बससेवा सुरू केली, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगत. गौलीगुड्याची ती अवाढव्य पत्र्याची शेड त्यांना चारमिनारपेक्षा मोठी वाटे. २०१८ च्या जुलैमध्ये ती कोसळली तेव्हा अप्पा नव्हते, ते एक बरेच झाले. "इंजिनाचं सगळे कौतुक करतात," ते म्हणत, "पण माणूस बसतो बॉडीत."

१९९२ च्या शेवटी ते निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून त्यांनी एक जुनी स्कूल बस विकत घेतली. घरात कोणाला विचारले नाही. आई आठवडाभर त्यांच्याशी फक्त कामापुरते बोलली. मग कारण कळले. आईला काशीला जायचे होते आणि तिचे गुडघे गेले होते. आगगाडीच्या पायऱ्या, धर्मशाळेतले उकिडवे बसणे, रात्री-अपरात्री लांबच्या संडासापर्यंत चालत जाणे यांतले काहीच तिला जमण्यासारखे नव्हते. अप्पांचे म्हणणे असे, की तिला काशीला न्यायचे तर घरच घेऊन गेले पाहिजे.

अमेरिकेत जुन्या स्कूल बसचे घर करून राहणाऱ्यांची एक जमातच आहे, हे मला अलीकडे भाच्याने सांगितले. अप्पांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी पाहिले होते ते सर्कशीचे आणि नाटक कंपनीचे सामान.

गाडी टाटाची बाराशे दहा होती. आकड्यातला बारा म्हणजे माणसे-सामानासकट बारा टन आणि दहा म्हणजे इंजिनाची ताकद शंभर घोड्यांच्या आसपास, हा हिशेब मी तेव्हा शिकले. शाळेच्या गाडीला पिवळा रंग हवाच असे त्या वेळी नव्हते. ही निळी होती. चादरघाटाजवळ मुशीच्या काठाला एका ओळखीच्या मिस्त्रींची मोकळी जागा होती, तिथे ती उभी केली. मिस्त्री वयाने अप्पांएवढेच, सगळे त्यांना चाचा म्हणत. पहिले चार दिवस पंचवीस बाकडी काढण्यात गेले. गंजलेले बोल्ट निघेनात, छिन्नीने तोडावे लागले. बाकड्यांखाली पेन्सिलींचे तुकडे, चिंचोके, एका डब्याचे झाकण आणि केसांच्या पिना निघाल्या. खिडकीखालच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पोरांनी कर्कटकाने नावे कोरली होती, काही तेलुगूत, काही उर्दूत, एक-दोन देवनागरीत. चाचा पत्रा बदलायला निघाले तर अप्पांनी हात धरला.

मग अप्पांनी वही काढली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, ट्रान्सपोर्टमधल्या नोंदवहीसारखी. पहिल्या पानावर लिहिले: "एक मूल तीस किलो. पन्नास मुले, दीड टन." ही गाडी दहा-बारा वर्षे पोरेच वाहत आली आहे, तिच्या पाट्यांना तेवढ्याच ओझ्याची सवय आहे, तेव्हा आपले घर माणसांसकट दीड टनात बसले पाहिजे, असा तो हुकूम होता. काढलेली बाकडी चारशे किलो भरली. ती सूट धरायला अप्पा तयार नव्हते. "ते राखीव," म्हणाले.

त्यानंतरचे पाच-सहा महिने आमच्या घरात वजनाशिवाय दुसरा विषय नव्हता. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, ते एका टाकीत भरले तर वळणावर सगळे एका अंगाला धावते आणि गाडी कलंडायला बघते. म्हणून शंभर-शंभराच्या दोन टाक्या केल्या, मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंना, खाली, आत आडवे पडदे घालून. छताच्या लोखंडी कमानींच्या मध्ये थर्माकोल भरून वरून हार्डबोर्ड मारला, नाहीतर एप्रिलात त्या पत्र्याखाली भाकरी भाजून निघाली असती. रेल्वेसारखे मिटते बर्थ, खाली पेट्या. गाडी चालू करायची बॅटरी वेगळी आणि दिव्या-पंख्याची वेगळी, म्हणजे रात्रभर पंखा चालला तरी सकाळी धक्का मारावा लागू नये. गॅसच्या टाकीखाली तळाला एक भोक ठेवले. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो, त्याला खालून वाट हवी. मागच्या कोपऱ्यात पडदी घालून कमोड. तो बघून आई पहिल्यांदा हसली.

पण तिचा एक हट्ट होता. पाटा-वरवंटा. दगडाचा, सासूबाईंच्या वेळचा. अप्पा म्हणाले, "तुझ्या पाट्याने गाडीचे पाटे मोडतील." आई म्हणाली, "मग मी तेवढं वजन कमी करते." चाचांनीही अप्पांचीच बाजू घेतली. "भाभी, इत्ता वजन कायकू? घर बना रैं की किल्ला?" पाटा शेवटी कोठीतच राहिला. आईने त्या दिवशी जेवणात चटणी वाढली नाही, आणि पुढेही बरेच दिवस.

अप्पांनी गाडी तीनदा वजनकाट्यावर नेली. तिसऱ्यांदा हिशेबात बसली, तेव्हा त्यांनी काटेवाल्यालाही पेढा दिला.

कागदपत्रांचे एक सांगायला हवे, कारण अलीकडे पुष्कळ लोक विचारतात. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्या वेळी आजच्याइतके कडक नव्हते. आधी मंजुरी घेऊन गाडीत फेरफार करता येत. तरी पुस्तकात नवे वर्णन काय लिहायचे, बस म्हणायचे की घर, यावर कचेरीत बराच खल झाला. २००० साली ते कलम बदलले. मूळ कारखान्याने ठरवलेल्या रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत सांगितले. आता कारवॅनसाठी ए.आय.एस.-१२४ नावाचे वेगळे मानक आहे आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कारवॅन पर्यटनाचे धोरणही आणले. तेव्हा अप्पांसारखे आधी गाडी घेऊन मग विचार करू नये. आधी विचारावे.

१९९३ च्या ऑगस्टात गाडी तयार झाली. पावसाळा संपला की काशी, असे ठरले. नागपूर, जबलपूर करत बाराशे किलोमीटर. गणपती बसले, उठले.

३० सप्टेंबरची पहाट. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. पावणेचार वाजून गेल्यावर आमची खाट हलली आणि फळीवरची पितळी भांडी वाजली. उंदीर असेल म्हणून मी कूस बदलली. सकाळी रेडिओवर किल्लारीचे नाव आले आणि आईच्या हातातला चहा सांडला. तिचे माहेर किल्लारीपासून पाच-सहा कोसांवर.

फोन लागत नव्हता. दोन दिवस नुसते आकडे येत होते, शेकडो, हजार, मग कित्येक हजार. पुढे तो आकडा दहा हजारांच्या घरात गेला. दुसऱ्या रात्री आई अप्पांना म्हणाली, "अहो, गाडी काढा." अप्पा काही बोलले नाहीत. मी बघत होते. त्यांनी लाल वही उघडली, मिटली, आणि विचारले, "पाणी भरलंय का?" त्यांच्या मनात त्या क्षणी काय होते ते मी नंतरही विचारले नाही. त्या गाडीत त्यांचा निम्मा फंड होता आणि काशी होती.

सोलापूरच्या रस्त्याने झहीराबाद, हुमनाबाद करत उमरग्यापर्यंत गेलो, तिथून आत. पाऊस लागला होता. बाजूच्या शेतांत माणसे खाटा टाकून, वर घोंगडी, पोती, जे मिळेल ते धरून बसली होती. ज्या घरांकडे आम्ही दरवर्षी मे महिन्यात धावत सुटायचो, ती बहुतेक माळवदाची. अडीच-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत पाऊल टाकले की अंग निवत असे. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माळवदावर नवी माती चढायची, जुनी काढायची नाही. आजोबांनी चढवलेली, मामांनी चढवलेली. भिंती हलल्या तेव्हा ती सगळी खाली आली.

आमच्या मामी आत झोपल्या होत्या. मामा विसर्जनाहून उशिरा आले आणि दार वाजवून कशाला उठवा, म्हणून अंगणात आडवे झाले. एवढेच. आईने ते ऐकले आणि मामांच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली.

गाडी त्यांच्या खळ्यात उभी केली. पहिल्या रात्री पोरांना आणि म्हाताऱ्यांना आत घेतले. मामा येईनात. दारात उभे राहून वर बघत म्हणाले, "दाजी, हे कशाचं हाय?" अप्पांनी बर्थवर उभे राहून हार्डबोर्डचा एक तुकडा उचकटला, थर्माकोल बाहेर काढला आणि त्यांच्या हातात दिला. मामांनी तो तळहातावर तोलला. "येवढंच?" "एवढंच. वर पत्रा." मामा आत आले, पण झोपले दाराशी, पाय पायरीवर सोडून. पुढे किती तरी महिने तसेच झोपले.

आम्ही तिसऱ्या आठवड्यात बसने परतलो. गाडी तिथेच ठेवली. नेऊ का, असे अप्पांनी विचारले नाही आणि न्या, असे कोणी म्हटले नाही. दर पंधरवड्याला अप्पा जाऊन बॅटरी चार्ज करून येत, टाक्या धूत. त्या फेऱ्यांच्या नोंदी वहीत आहेत. वजनाचे रकाने तेच ठेवून त्यांनी किलोंच्या जागी माणसे लिहिली: "आज रात्री १४. पैकी मुले ९." "११. थंडी." "१६. पाहुणे." एका ओळीत नुसते "बाळंतीण" असे आहे. तिची मुलगी आज लातूरला नर्स आहे.

शेजारी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, तरी गाडीतली माणसे लवकर हलली नाहीत. तिला खिडक्या होत्या, पंखा होता, आणि दाराला आतून कडी होती. बायकांना त्या कडीचे फार होते. कमोडसाठी सकाळी रांग लागे, असे मामेबहिणीने सांगितले. बावन्न गावे पुढे नव्या जागी वसवली गेली. मामांचे गाव त्यांत नव्हते, पण घर नवे बांधावे लागले. मामांनी गवंड्याला एकच अट घातली, वर माती नको.

१९९४ च्या जूनमध्ये गाडी कोठीला परत आली. बर्थची रेक्झिन फाटली होती, एक टाकी गळत होती, आणि पत्र्यावरच्या जुन्या नावांखाली नवी नावे आली होती, या खेपेला सगळी देवनागरीत. आईने ती एकेक वाचली. डिकीत पोत्यात गुंडाळलेला एक पाटा होता. मामींचा. ढिगाऱ्यातून तो तसाच्या तसा निघाला होता, आणि मामांनी तो कोणाला न सांगता गाडीत घातला होता. अप्पांनी उचलून पाहिला. "सत्तावीस किलो असेल," म्हणाले. वहीत लिहिला नाही.

त्या वर्षी अप्पांच्या छातीत दुखू लागले आणि डॉक्टरांनी लांबचे स्टीअरिंग बंद केले. ड्रायव्हर ठेवून आम्ही दोनदा तुळजापूरला आणि एकदा पंढरपूरला गेलो. आई खिडकीपाशी बसून मुलांच्या नावांवरून बोट फिरवत असे. काशी राहिली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. अप्पा मात्र काढत, आणि मग आईच त्यांची समजूत घाली.

१९९९ मध्ये गाडी विकली. घेणारा नलगोंड्याकडचा शेतकरी होता, त्याला ती शेतात उभी करून राखणदारासाठी खोली करायची होती. अप्पांनी वजनांचे पान स्वच्छ अक्षरात उतरवून त्याच्या हातात दिले आणि कशाचे किती, कुठे जास्त ठेवायचे नाही, हे तेलुगूत समजावून सांगू लागले. गाडी आता हलणारच नाही, असे तो दोनदा म्हणाला. अप्पा सांगतच राहिले. शेवटी त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"त्याला मराठी कुठं वाचता येतंय?" घरी आल्यावर आई म्हणाली.

"आकडे येतील," अप्पा म्हणाले.